माळ्यावरची अनोळखी वस्तू ओळखायची कशी?

सागवानी लाकडाचा एक चौकोनी ठोकळा. दीड इंच बाय दीड इंच, जाडी जेमतेम तीन सूत (एक सेंटिमीटरहून जरा कमी), बरोबर मधोमध एक बारीक भोक आणि भोकाच्या कडेला दोरीनं पाडलेली खाच. गावच्या घराचा माळा रिकामा करताना तो हाती लागला आणि दिवसभर घरात त्याचीच चर्चा. आत्या म्हणाली, बरणीचं झाकण असेल. काका म्हणाले, उदबत्तीचं घर. मी वीस वर्षं टूलरूममध्ये काढलेला माणूस, पण मलाही काही सुचेना. संध्याकाळी शेजारच्यांच्या भिंतीचं काम करणारे म्हातारे गवंडीबाबा चहाला आले. त्यांनी ठोकळा उचलला, अंगठा आणि तर्जनीत आडवा धरला, एक डोळा मिटून त्याच्या कडेवरून खाली बघितलं आणि विचारलं, "याचा ओळंबा कुठाय?"

ओळंबा म्हणजे भिंत सरळ उभी आहे का हे बघायला दोरीला टांगलेलं वजन. त्याची दोरी त्या भोकातून जाते. ठोकळ्याची कड भिंतीला वर टेकवायची आणि लोखंडी ओळंबा खाली सोडायचा. ठोकळ्याची रुंदी आणि ओळंब्याचा व्यास एकच असतो, म्हणून भिंत सरळ असेल तर ओळंबा खाली भिंतीला नुसता लागतो न लागतो. भिंत बाहेर झुकली तर ओळंबा अंतर ठेवून लोंबतो. भिंत आत झुकली असेल तरीही कळतं, कारण मग ठोकळा आणि ओळंबा एका वेळी टेकत नाहीत आणि ओळंबा भिंतीला घासून एका जागी अडकतो. म्हणजे दीड इंच हे माप उगाच नव्हतं. हरवलेल्या ओळंब्याचा व्यास त्या लाकडात जपलेला होता.

त्या दिवसापासून अनोळखी वस्तू हातात आली की मी पहिला प्रश्न हाच विचारतो: हिचा जोडीदार कोण? माळ्यावर, अडगळीत, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात कोड्यात टाकणाऱ्या वस्तू बहुतेकदा अर्ध्या असतात. उरलेलं अर्धं कधी दोरी असतं, कधी बैल, कधी दुसऱ्या कारागिराचा हात. ते अर्धं शोधायची माझी पद्धत इथे लिहितो. नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं निदान पहिल्या दहा वस्तूंना तरी हाच क्रम ठेवावा.

आधी हात आवरा

वस्तू मिळाल्याबरोबर घासायची नाही. हे मी कळकळीनं सांगतोय, कारण माझी एक वस्तू अशीच मुकी झाली. लांब दांड्याची, टोकाला चोच असलेली लोखंडी पळी होती. आतल्या बाजूला राखाडी रंगाचा पातळ थर होता. मी तो कानशीनं खरवडला, वायर ब्रश मारला, तेल लावलं. पळी चकचकीत झाली आणि मग कुणीतरी विचारलं, हिच्यात काय ओतत होते? तो राखाडी थर हेच त्याचं उत्तर होतं. बिडाच्या जुन्या नळांच्या सांध्यात आधी तागाचा दोर ठासायचे आणि वरून वितळलेलं शिसं ओतायचे. ती पळी त्या कामाची असावी असं मला आज वाटतं. पण ‘असावी’ च्या पुढे मी जाऊ शकत नाही, कारण पुरावा मीच पुसून टाकला. शिवाय शिशाची पूड श्वासातून आणि हाताला लागून पोटात जाते, ती घातक असते. म्हणजे दुहेरी चूक झाली.

चुन्याचा डाग, काजळी, मेण, धान्याचा भुसा, पीठ, वाळलेलं वंगण, रंगाचे थेंब, दोऱ्याचा तुकडा हे सगळं जसंच्या तसं राहू द्या. फार तर मऊ कुंचल्यानं धूळ झटका. वस्तू कुठे होती, कशाच्या शेजारी होती, कोणत्या डब्यात होती हे त्याच दिवशी चिठ्ठीवर लिहा आणि चिठ्ठी वस्तूला बांधा. एकाच डब्यात निघालेल्या वस्तू कधीही वेगळ्या करू नका. त्या डब्याची गोष्ट शेवटी सांगतो.

काही वस्तूंना हातच लावायचा नाही. बॉम्बगोळा किंवा काडतूस वाटावं असं काही दिसलं तर जागेवरून हलवू नका, पोलिसांना कळवा. जुन्या गॅसच्या टाक्या, आत पारा दिसणारी काचेची उपकरणं, तंतुमय पांढरट पत्रा किंवा दोर (तो अॅस्बेस्टॉसचा असू शकतो), अंधारात चमकणाऱ्या जुन्या तबकड्या यांच्या बाबतीत कुतूहल बाजूला ठेवा.

मोजा, तेही दोन्ही मापांत

जाडी-व्यास बारकाईनं मोजायचा एक साधा व्हर्निअर, एक लोहचुंबक आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा एवढं पुरतं. चुंबक चिकटला तर लोखंड किंवा पोलाद. नाही चिकटला तर पितळ, तांबं, कासं, अॅल्युमिनियम, शिसं किंवा काही जातींचं स्टेनलेस स्टील. पितळी दिसणाऱ्या वस्तूला चुंबक चिकटला, तर वर नुसता मुलामा आहे.

माप मिलिमीटरमध्ये घ्या आणि लगेच सुतात करून बघा. आपल्याकडे सुतार-लोहार-प्लंबर अजून सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणजे एक सूत ३.१७५ मिमी. व्हर्निअरवर १२.७ आलं तर ते चार सूत, १९.०५ आलं तर सहा सूत. अशी मापं बरोबर सुतात बसत गेली तर वस्तू इंचाच्या जमान्यातली किंवा इंची परंपरेच्या कामातली आहे. १०, १२, २० अशी मापं आली तर मेट्रिक. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून ती मापं लागू व्हायला लागली. पण यावरून लगेच वय ठरवू नका, कारण कारखान्यांतल्या सवयी कायद्याबरोबर बदलल्या नाहीत आणि नळाच्या कामात तर इंच आजही आहे.

नळाचंच बघा. नवीन माणसाला इथे हमखास चकवा बसतो. एखाद्या पितळी तुकड्यावर बाहेरून आटे (स्क्रूसारखे पेच) आहेत, व्यास भरतो जवळजवळ २१ मिमी. हे ना पाऊण इंच, ना मेट्रिकमधलं नेहमीचं माप. मग माणूस त्याला कसल्या तरी दुर्मीळ यंत्राचा भाग समजतो. खरं तर तो ‘अर्धा इंची’ नळाचा आटा आहे. त्याचा बाहेरचा व्यास २०.९५ मिमी असतो आणि एका इंचात १४ आटे बसतात. अर्धा इंच हे मूळच्या लोखंडी नळाच्या आतल्या पोकळीचं ढोबळ नाव होतं, ते आट्याला चिकटून राहिलं. पट्टी ठेवून एका इंचातले आटे मोजायची सवय लावून घ्या. चौदा भरले आणि व्यास २१ च्या आसपास असला, तर वस्तू कुठल्या तरी नळाला, कॉकला किंवा पंपाला जोडलेली होती.

आट्यांची दिशाही बघा. नट उलटा फिरत असेल, म्हणजे डावीकडे फिरवून आवळला जात असेल, तर तो मुद्दाम तसा केलेला असतो आणि त्याला कारण असतंच. सायकलचं डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, नाही तर चालवता चालवता सैल झालं असतं. ग्राइंडरचं डावं चाकही त्यासाठीच उलट्या आट्यावर बसवतात. गॅस वेल्डिंगमध्ये अॅसिटिलीनच्या बाजूचा आटा उलटा असतो, म्हणजे ऑक्सिजनची नळी चुकून तिथे बसणारच नाही. त्या नटाच्या कोपऱ्यांवर छोट्या खाचा पाडलेल्या असतात. षटकोनी पितळी नटाच्या कोपऱ्यांना खाचा दिसल्या तर त्याला शोभेचा समजू नका.

हात कुठे होता?

आता मोजणं थांबवा आणि वस्तू नुसती हातात घ्या. डोळे मिटून घेतलीत तर अधिक चांगलं. हत्यार असेल तर त्याला हाताची जागा असते. ती जागा गुळगुळीत असते, कडा मारलेल्या असतात, लाकूड असेल तर घामानं काळपट झालेलं असतं. मूठ बसते का, की फक्त दोन बोटं? दोन हात लागतात का? पायानं दाबायची सोय आहे का? वस्तूवर बारीक फुल्यांची खरखरीत नक्षी पाडलेली असेल, ज्याला कारखान्यात नर्लिंग म्हणतात, तर तो भाग बोटांनी फिरवायचा आहे, पान्यानं नाही. पान्यानं फिरवायच्या भागाला सपाट बाजू देतात.

वस्तूचं एक टोक चौकोनी कापलेलं असेल तर त्यावर काढता-घालता येणारा दांडा बसत होता. काम झालं की दांडा काढून घ्यायचा, म्हणजे कुणी चुकून फिरवणार नाही किंवा दांडा अडकणार नाही.

डोकं बघा. छिन्नी, सुंबा, पाथरवटाची टाकी यांच्या डोक्याला वर्षानुवर्षं घाव बसून कडेनं लोखंडाची फुलं येतात. डोकं फुललं असेल तर त्यावर हातोडा पडत होता. डोकं अगदी स्वच्छ असेल आणि टोक धारदार असेल तर हे हातानं ढकलायचं हत्यार आहे.

दोन पात्यांची हत्यारं असतील तर दांडा आणि पातं यांची लांबी ताडून बघा. अडकित्त्याचे दांडे लांब, पातं आखूड आणि खिळीच्या अगदी जवळ, कारण सुपारी टणक, जोर हवा. लांब पाती आणि आखूड दांडे असतील तर काम कपड्याचं, कागदाचं, जोराचं नव्हे, पल्ल्याचं. या एका गुणोत्तरावरून निम्मे अंदाज गळून पडतात.

झीज काय म्हणते?

या सगळ्यात मला सर्वात जास्त भरवसा झिजेचा वाटतो. आकार बघून माणसाला स्वतःच्या घरातली वस्तू आठवते आणि तो फसतो. झीज मात्र वापरणाऱ्यानं न कळत लिहून ठेवलेली असते.

वस्तू खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात फिरवा. कुठे चकाकी आहे? चकाकी एकाच बाजूला आहे की दोन्ही? ओरखडे कोणत्या दिशेनं गेलेत? भोक गोल राहिलंय की एका बाजूला लांबट झालंय? लांबट झालं असेल तर त्यातून काहीतरी लोंबत होतं किंवा ओढलं जात होतं, आणि लांबट झालेली दिशा म्हणजे ओढीची दिशा. धातूवर दोराची खाच पडली असेल तर तो दोर रोज चालत होता. कडीत नुसता बांधून ठेवलेला दोर खाच पाडत नाही.

धार असेल तर ती एका अंगानं उतरवलीय की दोन्ही? पटाशी आणि रंध्याचं पातं एका अंगानं उतरलेलं असतं. पटाशीची तर दुसरी सपाट बाजू लाकडाला टेकून सरळ जायला हवी. कुऱ्हाड दोन्ही अंगांनी उतरते, ती लाकूड फाडते. आणि झीज मुळीच नसेल तर तेही लिहून ठेवा. जिथे झीज असायला हवी असं तुमचा अंदाज सांगतो आणि ती नाही, तिथे अंदाज चुकलाय.

एक लाकडी वाडगं मला असंच भेटलं. कटोऱ्याएवढं, जाड बुडाचं, तळाला तीन भोकं. विकणारा म्हणत होता दिवा ठेवायचं आहे. पण काजळी कुठेच नव्हती. आतली बाजू आरशासारखी गुळगुळीत, बाहेरची मात्र खडबडीत. म्हणजे आतून काहीतरी बारीक आणि कोरडं सतत सरकत होतं आणि हातही आतच फिरत होता. भोकं तळाच्या मधोमध नव्हती, एकमेकांपासून सारख्या अंतरावर, तिरपी बाहेर जाणारी होती. ते तिफणीचं चाडं होतं. पेरणीला चाड्यावर मूठ धरून बी सोडायचं, तीन भोकांतून तीन नळ्यांत आणि तिथून तीन फणांमागे मातीत. जोडीदार म्हणाल तर तिफण, बैलांची जोडी आणि पेरणाऱ्या बाईची मूठ. तिच्या मुठीनंच ते आतून एवढं गुळगुळीत झालं होतं.

हत्यार नव्हे, यंत्राचा भाग असेल तर

हाताची जागा सापडलीच नाही तर वस्तू बहुधा यंत्रातून निघालेली आहे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवली की पुष्कळ उलगडा होतो. ओतीव लोखंडाचा पृष्ठभाग मुळात खरबरीत असतो. तो लेथवर किंवा मिलिंगवर गुळगुळीत करायला वेळ आणि पैसा लागतो, म्हणून कारखानदार गरज असेल तेवढाच भाग मशीन करतो. म्हणजे चकचकीत कापलेला प्रत्येक पृष्ठभाग दुसऱ्या कुठल्या तरी भागाला भिडत होता. खरबरीत भागाला फक्त हवा लागत होती. खडूनं सगळे मशीन केलेले भाग रंगवा. शेजाऱ्याचा आकार तिथे उमटलेला दिसेल. सपाट पट्टा आणि चार भोकं दिसली तर तिथे काहीतरी बोल्टनं बसत होतं. गोल, आरशासारखं भोक दिसलं तर त्यात दांडा फिरत होता. त्या भोकापर्यंत वरून येणारं बारीक छिद्र असेल तर ते तेलाचं, म्हणजे फिरणं सतत होतं. भोकात लांबट चौकोनी खाच, ज्याला की-वे म्हणतात, असेल तर दांडा आणि हा भाग एकत्र फिरत होते, एकानं दुसऱ्याला ताकद दिली. खाच नाही आणि तेलाचं छिद्र आहे, तर दांडा स्थिर आणि हा भाग मोकळा फिरणारा, किंवा उलट.

चिनी मातीची पांढरी रिळं आणि खाचेच्या गुंड्याही जुन्या घरांत निघतात. चीनी माती वीज अडवते. विजेच्या तारा भिंतीपासून दूर ठेवायला त्या ठोकत असत.

अक्षरं आणि आकडे

कोरलेलं किंवा ओतलेलं अक्षर दिसलं की लोक सगळं सोडून त्याच्याच मागे लागतात. मी ते मुद्दाम शेवटी वाचतो, कारण अक्षर वस्तू कुणाची हे सांगतं, कशाची हे क्वचितच. पण वय ठरवायला त्यासारखं दुसरं काही नाही.

इंग्रजी ‘जी. आय. पी.’ ही अक्षरं असतील तर ती ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली ती हिचीच. ५ नोव्हेंबर १९५१ ला ती मध्य रेल्वेत विलीन झाली, तेव्हा ही अक्षरं असलेली वस्तू त्याआधीची. त्याच दिवशी ‘बी. बी. अँड सी. आय.’, म्हणजे बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे, पश्चिम रेल्वेत गेली. ‘पश्चिम जर्मनीत बनवलेलं’ असा शिक्का असेल तर १९४९ ते १९९० च्या मधलं. पत्त्यात ‘मुंबई ४’ असा एक-दोन आकडी विभाग असेल तर बहुधा १९७२ च्या आधीचं. सहा आकडी पिनकोड आला १५ ऑगस्ट १९७२ ला. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असेल तर ते माप नाही, ताकद आहे.

पान्यांवरच्या आकड्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. जुन्या ब्रिटिश पान्यावर ‘३/८ डब्ल्यू’ असं लिहिलेलं असतं आणि तोंड मोजलं तर भरतं १८ मिमी, म्हणजे जवळजवळ पावणेसहा सूत. ३/८ इंच म्हणजे तर तीन सूत! नवीन माणूस म्हणतो पाना झिजला किंवा कुणीतरी घासला. दोन्ही नाही. तिथला ‘डब्ल्यू’ व्हिटवर्थचा. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्यानं १८४१ मध्ये आट्यांची प्रमाण मापं सुचवली, आट्याचा कोन ५५ अंश. त्या पद्धतीत पान्यावर बोल्टच्या दांड्याचा व्यास लिहायचे, नटाच्या तोंडाचं माप नाही. तीन सुताचा बोल्ट, त्याचा नट पावणेसहा सुताचा, पाना त्या नटाचा. म्हणजे पान्यावरचा आकडाही जोडीदाराचाच असतो.

किर्लोस्करवाडीचं नाव ओतलेला एखादा जड लोखंडी तुकडा शेतकऱ्याच्या घरी निघाला तर नांगर, कडबा कापायचं यंत्र, उसाचा चरक, पंप यांच्या दिशेनं आधी बघा.

अंदाज एक नको, तीन करा

आता कागदावर तीन अंदाज लिहा. प्रत्येकापुढे लिहा: हे खरं असेल तर वस्तूवर आणखी काय दिसायला हवं? मग जाऊन बघा.

उदाहरणार्थ, दांड्याला बसवलेलं छोटं दातेरी चाक. करंजीचं कातण असेल, शिंप्याचं खुणा पाडायचं चाक असेल, किंवा चामड्यावर टाक्यांच्या जागा आखायचं. कातणाचे दाते बाहेर आलेले नसतात. चाकाची कडच डावी-उजवीकडे नागमोडी असते, आणि वस्तू बहुधा पितळी असते. शिंप्याच्या चाकाचे दाते टोकदार, सरळ बाहेर आलेले आणि पोलादी. खात्री करायला कणकेची पोळी लाटा आणि चाक फिरवा. कातण सलग नागमोडी कापेल. शिंप्याचं चाक नुसती टिंबांची रांग उठवेल. चामड्याचं चाकही टिंबंच उठवतं, पण ठरावीक, टाक्याएवढ्या अंतरानं आणि ठसठशीत.

दोन अंदाजांपासून सांभाळा: ‘पूजेचं असेल’ आणि ‘शस्त्र असेल’. काहीच सुचलं नाही की मन या दोन ठिकाणी धावतं. पूजेच्या वस्तूवर तेल, शेंदूर, कुंकू, कापूर यांच्या खुणा असतात. त्या नसतील तर तसं म्हणू नका. आणि कधी कधी वस्तू उलगडत नाही, हेही मान्य करायला हवं. रोमन काळातल्या कांशाच्या बारा बाजूंच्या पोकळ वस्तू आहेत. प्रत्येक बाजूला वेगळ्या मापाचं गोल भोक, वीस कोपऱ्यांवर वीस गुंड्या. पहिली १७३९ मध्ये नोंदली गेली, आता शंभराहून अधिक मिळाल्यात, बहुतेक ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी अशा रोमन साम्राज्याच्या वायव्येकडच्या भागात. त्यांच्यावर ना अक्षर, ना आकडा, आणि त्या काळच्या कुठल्याही ग्रंथात त्यांचा उल्लेख नाही. मेणबत्तीदाणीपासून मोजमापाच्या साधनापर्यंत सगळे अंदाज झाले, एकही सिद्ध झालेला नाही. तिथले अभ्यासक तसंच लिहितात आणि मला त्यांचा तो प्रामाणिकपणा फार आवडतो.

विचारायचं कसं?

वस्तू घेऊन जुन्या कारागिराकडे जा. लोहार, सुतार, गवंडी, सोनार, कासार, शिंपी, वस्तूला ज्याच्या कामाचा वास येईल त्याच्याकडे. आणि स्वतःचा अंदाज आधी सांगू नका. तुम्ही "हे अमुक असेल का हो?" म्हणालात की मान राखायला समोरचा "असेल" म्हणून मोकळा होतो. वस्तू नुसती हातात द्या आणि गप्प बसा. तोंड काय म्हणतं त्यापेक्षा हात काय करतात ते बघा. आमच्या गवंडीबाबांनी उत्तर देण्याआधी ठोकळा आडवा धरून डोळा मिटला होता. उत्तर तिथेच मिळालं होतं.

घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारायला विसरू नका. पुरुषांना हत्यारं आठवतात, पण जात्याचा खुंटा, सोऱ्याच्या ताटल्या, पाळण्याच्या कड्या, वज्री या आजी-पणजींच्या हातातल्या. पुण्यात असाल तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात एक अख्खा दिवस काढा. दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, कुलपं, वाद्यं अशा रोजच्या वापरातल्या वस्तू आयुष्यभर गोळा केल्या. एकाच कामाच्या पन्नास वेगवेगळ्या वस्तू शेजारी शेजारी बघितल्या की कोणता भाग कामाचा आणि कोणता हौसेचा हे डोळ्याला कळायला लागतं. दुसरा कुठला अभ्यास याची जागा घेऊ शकत नाही.

दूरच्या कुणाला फोटो पाठवायचा असेल तर सहाही बाजूंचे पाठवा, शेजारी पट्टी ठेवा, फ्लॅश बंद ठेवा, आणि सगळ्यात झिजलेल्या भागाचा जवळून एक.

त्या डब्याची गोष्ट

ओळंब्याचा ठोकळा निघाला त्याच माळ्यावर एक गंजलेला डबा होता. त्यात पितळेची चपटी पट्टी, करंगळीएवढी, वर भोक, खाली दोन दाते. कंगवा? किल्ली? पदक? दात्यांवर झिजेचा मागमूस नव्हता, टोकं अजून तीक्ष्ण. म्हणजे दाते कापत, विंचरत किंवा उघडत नव्हते. वरचं भोक मात्र लांबट झालेलं. म्हणजे ती लोंबत होती आणि दाते फक्त मोजून वाचायला होते: दोन.

डब्यात खाली जाड तारेचे तुकडे होते, दोन्ही टोकांना वळवलेले, बारीक कड्यांनी एकमेकांत अडकवलेले. ही जमीन मोजणीची साखळी. एक कडी मोजली, जवळजवळ २०१ मिमी. इथे दोन अंदाज उभे राहिले. मेट्रिक साखळीची कडी २०० मिमीची असते. इंग्रज काळातल्या गुंटर साखळीची ७.९२ इंच, म्हणजे २०१.२ मिमी, तिच्या शंभर कड्यांचे ६६ फूट होतात. एका कडीवरून काही ठरणार नव्हतं. दहा कड्या ओट्यावर ताणून मोजल्या. मेट्रिकला २००० यायला हवे होते, गुंटरला २०१२. आले २०१४. साखळी वापरून थोडी ताणलेली असणार, म्हणून नुसत्या मापावर थांबलो नाही. मेट्रिक साखळीला दर मीटरला, म्हणजे दर पाच कड्यांनी, बारीक पितळी कडं असतं. ते एकही नव्हतं. आणि गुंटर साखळीला दर दहा कड्यांनी पितळी पट्टी असते, दहाला एक दाता, वीसला दोन, तीसला तीन, चाळीसला चार, मधोमध पन्नासला गोल. पुढे पुन्हा उतरत्या क्रमानं, म्हणजे कुठल्याही टोकाकडून वाचता येतं.

पन्नास कड्या म्हणजे ३३ फूट, आणि ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे आपला गुंठा. पणजोबा मोजणीवाल्यांबरोबर साखळी धरायला जात असं आजी सांगायची, ते आम्ही सगळे कानाआड करत आलो होतो. डब्यात तेवीस कड्या आहेत. मागच्या महिन्यात माळ्याच्या फळ्या बदलताना सुतारानं फटीतून काहीतरी उचललं आणि माझ्या हातावर ठेवलं. पितळेची पट्टी होती, तीन दात्यांची.